शुक्रवारची लाइट

मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. भाजीवालीने न मागता मूठभर कोथिंबीर जास्त टाकली, तर मी घरी येऊन आधी भेंडी तपासते. घरून काम करायला लागल्यापासून तर या स्वभावाला खतपाणीच मिळालं. ऑफिसात निदान माणसाचा चेहरा दिसतो. इथे नावाशेजारी एक हिरवा ठिपका दिसतो, आणि "सवडीने बघ, घाई नाही" असं लिहिणारा माणूस पलीकडे तो ठिपका न्याहाळत बसलेला असतो, याबद्दल माझी खात्री आहे. "एक छोटासा कॉल करूया का?" हा निरोप आला की माझ्या मनात पाल चुकचुकते. छोटा कॉल मी अजून एकही पाहिलेला नाही.

माझं काम सल्ला देण्याचं. जर्मनीतल्या एका कंपनीच्या गोदामांत कुठला माल कुठे ठेवावा, कुठला आधी काढावा, हे मी बोईसरच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये बसून सांगते. त्यातलं एकही गोदाम मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. म्हटलं तर उंटावरून शेळ्या हाकणं, पण हाकणाऱ्याचा जीव त्यातही मेटाकुटीला येतो. क्लायंटकडून आमच्याशी बोलायला एक बाई होती, आमच्या बाजूने मी होते, आणि बंगळूरला बसलेला मॅनेजर आम्हा दोघींवर लक्ष ठेवून असायचा. क्लायंटची सकाळ म्हणजे आमची दुपार. त्यामुळे त्यांना माझी सगळ्यात जास्त गरज लागायची ती दुपारी दोन ते पाच.

आणि नेमकी तीच वेळ मला बाबांसाठी हवी होती.

घरात आम्ही दोघंच. बाबा साताऱ्याकडून विशीत तारापूरच्या एमआयडीसीत आले आणि कापडाचे रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी उभा जन्म काढला. आई गेली, ते रिटायर झाले, आणि मग एका सकाळी चहाचा कप त्यांच्या हातातून सुटला. उजवी बाजू गेली. जीभही जड झाली. मोठ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "जी काही ताकद परत यायची ती पहिल्या वर्षात येईल. त्यानंतर फार आशा धरू नका." म्हणजे बाबा पुन्हा स्वतःच्या पायांनी घरात फिरणार की खाटेवर राहणार, हे त्या वर्षात ठरणार होतं.

व्यायाम करून घ्यायला पालघरहून एक फिजिओ यायचे. पन्नाशीचे गृहस्थ, मूळचे चिंचणीचे. आठवडाभर ते पालघरच्या एका दवाखान्यात असत, आणि शुक्रवारी बोईसरमध्ये घरोघरी जात. शुक्रवारी का, तर आमच्याकडे बऱ्याच कारखान्यांची सुट्टी शुक्रवारी असते. मुलगा घरी, जावई घरी, म्हणजे पेशंटला धरायला माणूस असतो. सगळ्यांच्या घरी असायचा, फक्त आमच्याकडे नसायचा.

"एक माणूस पुढं, एक मागं," ते पहिल्याच दिवशी म्हणाले. "कमरेचा पट्टा मागच्यानं धरायचा. मी एकटा चालवणार नाय. काका पडले तर तुमाला काय तोंड दाखवू?"

मी मॅनेजरला विचारलं. शुक्रवारी दोन ते पाच मला सुटी द्या, मी बाकीचे दिवस भरून काढते. त्याचं उत्तर लगेच आलं. "अर्थातच! कुटुंब आधी." पुढे लाल बदाम. मला तो बदाम तेव्हाच खटकला होता. पुढच्या शुक्रवारी सव्वादोनला कॉल. "फक्त आजच्या दिवस." त्याच्या पुढच्या शुक्रवारी अडीचला. तिसऱ्या शुक्रवारी मी कॅमेरा बंद करून मीटिंगमध्ये होते आणि आतल्या खोलीत फिजिओ बाबांचे पाय नुसते बसल्या जागी हलवून परत गेले. मॅनेजर हे मुद्दाम करतोय असा मला दाट संशय आला. मग त्याहून वाईट संशय आला की मी काही मागितलं होतं, हेच त्याला आठवत नसावं.

चौथ्या शुक्रवारी माझ्या बोलण्याच्या मध्येच लाइट गेली. खरोखर गेली. कारखाने बंद असतात म्हणून विजेच्या लाइनींची दुरुस्तीही शुक्रवारीच काढतात, त्यामुळे आमच्या भागात शुक्रवारची लाइट जाणं हे कधीमधी घडतंच. मी फोनवरून क्लायंटला सगळं समजावून सांगितलं आणि माफी मागितली. ती बाई भलतीच खूश झाली. आठवड्याचा ठरलेला वार, ठरलेलं कारण, असं काही तिला फार पटत असावं. दहा मिनिटांत तिने प्रकल्पाच्या कॅलेंडरमध्ये दर शुक्रवारी दोन ते पाच एक राखाडी पट्टी टाकली. 'बोईसर : वीज नाही.' त्या पट्टीवर कोणीही, अगदी मॅनेजरनेसुद्धा, एकही कॉल लावला नाही.

मी त्या पट्टीकडे बराच वेळ बघत बसले. माझ्या बापासाठी तीन तास मिळाले नाहीत, ते एका तारेसाठी मिळाले. मला राग आला, आणि त्या रागातच मी ती पट्टी तशीच राहू दिली.

लाइट तशी दोन महिन्यांतून एखाद्या शुक्रवारी जायची. उरलेल्या शुक्रवारी ती मी घालवत असे. पावणेदोनला निरोप टाकायचा, "आता जाईल." दोनला वायफायचं बटण बंद, लॅपटॉप मिटलेला, हिरवा ठिपका गायब. एकदा बाईने फोनवर काळजीने विचारलं, पंख्याशिवाय त्रास होत असेल ना? मी म्हटलं, "हो ना, फार उकडतंय." डोक्यावर पंखा गरगरत होता. खाटेवरून बाबा माझ्याकडे बघून अर्ध्या तोंडाने हसले. मलाही हसू आलं. तेव्हा मला ते हसू निव्वळ मजेचं वाटलं होतं.

पण ते शुक्रवार लाखमोलाचे होते. मी मागे पट्टा धरून, फिजिओ समोर उलटे चालत. पहिल्या महिन्यात नुसतं उभं राहणं, मग खिडकीपर्यंत, मग खोलीच्या दारापर्यंत. बाबांच्या पाठीचा घाम माझ्या हाताला लागायचा. पट्टा मी जरा सैल सोडला की त्यांना लगेच कळायचं आणि ते थबकायचे. अजून दार ओलांडलं नव्हतं, पण ओलांडतील असं मला वाटायला लागलं होतं.

अशात आमच्या टीममध्ये नवी मुलगी आली. मॅनेजरने ओळख करून दिली. "ही पालघरजवळच्या उमरोळीची. तुम्ही तर शेजारीच निघालात!" उमरोळी म्हणजे बोईसरच्या अलीकडचं स्टेशन. शुक्रवारी इथे लाइट असते की नसते, हे अख्ख्या कंपनीत कळू शकणारं एकच माणूस, आणि ते नेमकं माझ्या टीममध्ये.

पहिल्याच आठवड्यात तिचा निरोप आला. "ताई, तुमच्याकडे शुक्रवारी किती वाजता जाते लाइट?" मी दोन तास उत्तर दिलं नाही. मग लिहिलं, "नक्की नसतं." पुढच्या शुक्रवारी पुन्हा. "गेली का ताई?" आता मात्र माझी खात्री पटली की कुठेतरी पाणी मुरतंय. हिला मॅनेजरने बसवलंय. एवढं गोड गोड 'ताई' उगाच कोणी म्हणत नाही. मी तिला ताकास तूर लागू द्यायची नाही असं ठरवलं. तिने काही विचारलं की दोन शब्दांत उत्तर. तिच्या वाट्याचं शिकण्यासारखं कामही मी माझ्याकडेच ठेवलं, कारण तिला क्लायंटशी थेट बोलायची वेळच येऊ नये. शिवाय माझ्यावर बोट ठेवायला कुठे जागा राहू नये म्हणून मी शनिवारी बसायला लागले, मग रविवारी. जेवताना एका हातात भाकरी आणि दुसरा हात कीबोर्डवर. तीन तास चोरले होते, त्याचे मी पंधरा परत करत होते, आणि हे करायला मला कोणीच सांगितलेलं नव्हतं. संशय माझा, कामही माझंच वाढलं.

एका मंगळवारी मीटिंगमध्ये मॅनेजर म्हणाला, "तुझ्यासाठी एक सरप्राइज आहे." तेवढ्यात दाराची बेल वाजली. बोईसरच्याच दुकानातली दोन माणसं बॅटरी आणि इन्व्हर्टर घेऊन उभी होती. माझ्या टेबलापुरती जोडणी : लॅपटॉप, वायफाय आणि एक दिवा. "आता शुक्रवारची अडचण संपली," मॅनेजर म्हणाला. "आपल्या नव्या सहकारी मैत्रिणीने पाठपुरावा केला म्हणून झालं हे." सगळ्यांनी टाळ्यांचे हात पाठवले. क्लायंटने राखाडी पट्टी तिथल्या तिथे पुसली.

मी दात-ओठ खात तिला फोन लावला. इतक्या गोड आवाजात गळा कापणारी माणसं मी पाहिली नव्हती, हे तिला सांगायचं होतं.

"बसवला का ताई इन्व्हर्टर?" मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली. "बरं झालं बाई. माजे तर शुक्रवारी हाल होतात. आमच्याकडं लाइट नसतेच ना, दुपारभर नाय. मी पालघरला मावशीकडं जाऊन बसते. म्हणून तर तुमाला विचारायची, तुमची कधी येते. त्यांनी एकच मंजूर केला. मी म्हटलं, ताईंना द्या. त्यांचे वडील आजारी हायेत, त्यांना बाहेर कुठं जाता येणार नाय."

मी "थँक्यू" म्हणाले आणि फोन ठेवला. तिच्याशी खरं बोलायला माझी जीभ उचलली नाही. मला लाज वाटली, आणि तरी मनातल्या मनात मी शोधत होते की हिचा यात काय फायदा असेल.

बुधवारी मी मॅनेजरला स्पष्ट सांगितलं. वडिलांना चालवायला शुक्रवारी मी लागते. विजेचं सोडा, मला वडिलांसाठी वेळ हवा आहे.

"आत्ता? इन्व्हर्टर बसल्यावर?"

"मी आधीही विचारलं होतं."

"असेल," तो म्हणाला. आवाज मऊच होता, पण त्यात काय होतं ते मला बरोबर ओळखता आलं. वर्षानुवर्षं मी त्याच आवाजात लोकांशी बोलत आले आहे. "बघ, त्यांची काळजी घे. कुटुंब आधी. फक्त या शुक्रवारी क्लायंटचे वरचे लोक येतायत, तेवढं सांभाळ." माझं एकुलतं एक खरं कारण त्याला बहाणा वाटलं, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती.

त्या शुक्रवारी दोन वाजता मी टेबलाशी बसले. फिजिओ आले, माझ्याकडे बघून आतल्या खोलीत गेले. टेबलाकडे येताना मी बाबांना म्हटलं होतं, "आज फक्त बसून करा. पुढच्या वेळी चालू." त्यांनी मान भिंतीकडे वळवली होती.

कॉलवर क्लायंटची सहा माणसं होती. "आज तुमच्याकडे लाइट आहे!" बाई कौतुकाने म्हणाली, आणि सगळे हसले. मी गोदामाचा नकाशा दाखवायला घेतला. वीस-पंचवीस मिनिटं झाली असतील. डोक्यावरचा पंखा हळूहळू थांबला. लाइट गेली असणार. लॅपटॉप चालू होता, वायफाय चालू होतं, इन्व्हर्टरने आपलं काम चोख केलं होतं. मी बोलत राहिले.

मग स्क्रीनच्या कोपऱ्यात, माझ्याच छोट्या चित्रात, माझ्या मागे कोणीतरी उभं दिसलं. बाबा. आतल्या खोलीचं दार ओलांडून, पॅसेज ओलांडून, मीटरच्या बोर्डापर्यंत आलेले. डावा हात मेन स्विचवर. स्विच खाली ओढलेला. फिजिओ त्यांच्या मागे दोन्ही हात पसरून उभे, पण हात लावलेला नव्हता. पट्टासुद्धा कोणी धरला नव्हता.

त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार काय यावा? बाबा बनियनवर आहेत आणि ते क्लायंटला दिसतंय. हे लिहिताना माझा हात अडतो आहे, पण आला तो हाच विचार.

"लाइ... ट गे... ली," बाबा म्हणाले. मोठ्याने, मला ऐकू जावं म्हणून. मग त्यांनी थांबलेल्या पंख्याकडे बघितलं, उजळलेल्या स्क्रीनकडे बघितलं, आणि मी अजून बसलेलीच का आहे ते त्यांना कळेना.

"तिथे कोणी आहे का?" बाईने विचारलं.

"माझे वडील," मी म्हणाले. "मला थांबावं लागेल." आणि लॅपटॉप मिटला.

मी वळेपर्यंत फिजिओंनी खुर्ची पुढे ओढून त्यांना बसवलं होतं. बाबांची छाती भात्यासारखी हलत होती. फिजिओंचा चेहरा उतरलेला होता. "मी काय करू? काकांनी बोर्ड दाखवला, मला वाटलं पंखा बंद करायचाय. मी उठायच्या आत तेच उठले. मग मी हात पसरून मागं मागं आलो. दहा-बारा पावलं तरी झाली, कोणी धरलं नाय."

दहा-बारा पावलं. इतके महिने मी ज्यांच्यासाठी खोटं बोलले ती पावलं, आणि ती पडत असताना मी त्यांच्याकडे पाठ करून जर्मनीतल्या कपाटांबद्दल बोलत होते. मी बाबांच्या गुडघ्याशी बसून रडले. म्हटलं, "बाबा, मला एकदा दाखवा ना. थोडंसंच." त्यांनी मान हलवली. डाव्या हाताने माझं टेबल दाखवलं. "का... म कर," म्हणाले.

सोमवारी मी क्लायंटला आणि मॅनेजरला एकाच पत्रात सगळं लिहिलं : लाइट क्वचितच जायची, मी ती नेहमी जाते असं सांगितलं, आणि शुक्रवारी दोन ते पाच मी यापुढेही नसेन. बाईचं उत्तर एका ओळीचं होतं, कळवल्याबद्दल आभार. ती चिडली की नाही, मला अजून उलगडलेलं नाही. मॅनेजरने बदाम पाठवला नाही. आता माझा प्रत्येक निरोप तो दोनदा तपासतो, मला ते दिसतं, आणि मी काही म्हणत नाही. इन्व्हर्टर मी उमरोळीला पाठवायला लावला. त्या मुलीला फोन करून खरं सांगितलं.

"म्हणजे तुमच्याकडं लाइट होती?"

"होती."

"बरं, मॅडम," ती म्हणाली. त्यानंतर तिने मला ताई म्हटलेलं नाही.

पुढच्या शुक्रवारी मी फोन बंद करून कपाटात ठेवला आणि दोनच्या आधीच बाबांच्या खोलीत जाऊन बसले. "आता दर शुक्रवारी मी इथेच," मी म्हटलं. बाबांनी आधी माझे रिकामे हात बघितले, मग दाराबाहेर टेबलाकडे बघितलं. फिजिओ आले. मी मागे पट्टा धरला. बाबा उठले, एक पाऊल टाकलं, आणि मान वळवून मागे बघितलं. दुसरं पाऊल टाकलं, पुन्हा वळून बघितलं. वळताना त्यांचा तोल जायचा आणि पट्ट्याला हिसका बसायचा.

"काका, समोर बघा," फिजिओ म्हणाले. "असे पडाल. पोरगी मागंच हाय, कुठं जात नाय."

बाबांनी मान डोलावली, पुढे एक पाऊल टाकलं, आणि मी खरंच आहे का ते बघायला पुन्हा वळले.